शाळेतली पुस्तकं मुलांना घरी द्यायची तर नियम काय ठेवावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकवता शिकवता ग्रंथालयाचा चार्जही तुमच्याकडे आलाय. कपाटांत दोनेक हजार पुस्तकं आहेत. आजवर ती तासिकेत वाचायला मिळायची, घरी कधीच नाही. आता मुलं मागे लागलीत आणि मुख्याध्यापक म्हणतात, "द्या, पण एकही हरवता कामा नये." तेव्हा किती द्यायची, किती दिवस, दंड घ्यायचा का, पहिली-दुसरीला द्यायची का आणि पालकांची सही हवी का?

मी २६ वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळते आहे. यातला प्रत्येक नियम मी कधी ना कधी केला आणि त्यातले बरेच नंतर स्वतःच्या हाताने खोडले. तेव्हा खोडलेलेही सांगते.

आधी मुख्याध्यापकांची अट. "एकही हरवता कामा नये" हे एकाच पद्धतीने साधतं, ते म्हणजे कपाटाला कुलूप. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवायचे. इंग्लंडमधल्या हिअरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसं ग्रंथालय अजून बघायला मिळतं, आणि त्या साखळ्यांचा हेतू पूर्ण सफल झालेला आहे, पुस्तकं शाबूत आहेत. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले तेव्हा पहिलाच नियम ठेवला, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आपल्याला तो इतका उघड वाटतो की परीक्षेत लिहून आपण मोकळे होतो आणि चार्ज हाती आला की कुलपाची किल्ली कमरेला लावतो. त्यात दोष सगळा आपलाही नसतो. गहाळ पुस्तक आपल्या पगारातून कापलं जाईल ही भीती खरी असते.

म्हणून मुख्याध्यापकांसमोर हिशेब मांडा. समजा शाळेत ४०० मुलं आहेत आणि प्रत्येकाने वर्षभरात २५ वेळा पुस्तक घरी नेलं. म्हणजे देवघेव झाली १०,००० वेळा. वर्षअखेरीला पडताळणीत ५० पुस्तकं सापडली नाहीत, तर ती संख्या दोन हजारांपैकी ५० अशी वाचायची नाही. पुस्तकं दहा हजार वेळा दाराबाहेर गेली आणि त्यातल्या ९,९५० वेळा परत आली, असं ते वाचायचं. ही माझ्या मनाची समजूत नाही. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीत नियम २१५ मध्ये, वर्षभरात दिलेल्या किंवा वाचलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ गहाळ होणं रास्त मानलं आहे, अर्थात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. दुर्मीळ आणि महाग पुस्तकांची चौकशी मात्र होतेच. तुमच्या शाळेला हा नियम लागू असो वा नसो, मोजायची रीत त्यातून घ्या: गहाळ पुस्तकं देवघेवीशी ताडून बघायची, कपाटातल्या एकूण संख्येशी नाही. वर्षाला किती गहाळ चालतील आणि निर्लेखनाचा, म्हणजे गहाळ किंवा खराब पुस्तक रजिस्टरवरून रीतसर कमी करण्याचा, ठराव कोण करणार, हे पहिलं पुस्तक दाराबाहेर जाण्याआधी कागदावर घ्या, खाली सही घ्या. तोंडी "बघू" नको.

आता दंडाबद्दल, आणि त्याआधी एका मुलीबद्दल.

पाचवीत होती. वर्षाच्या सुरुवातीला दर आठवड्याला पुस्तक न्यायची, पुढच्या आठवड्यात आणून द्यायची. मग अचानक थांबली. तासिकेला यायची, खिडकीजवळ बसून मासिकं चाळायची. विचारलं तर "नको बाई, अभ्यास आहे." अभ्यास म्हटल्यावर कोणती शिक्षिका पुढे विचारेल? पाच महिन्यांनी पडताळणीत कळलं की तिच्या नावावर एक पुस्तक राहिलंय. धाकट्या भावाने त्यातल्या सशाला बॉलपेनने मिशा काढल्या होत्या, चांगल्या ठसठशीत, आणि दोन पानं फाडली होती. आमच्याकडे तेव्हा नियम होता, जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळणार नाही आणि खराब झालं तर किंमत भरायची. नियम मीच लिहिला होता, भिंतीवर लावलाही होता. ती ते पुस्तक दप्तराच्या आतल्या कप्प्यात घालून पाच महिने रोज शाळेत आणत होती आणि रोज परत नेत होती. द्यायचं कसं, हे ठरत नव्हतं.

मिशा काढलेल्या सशापायी तिची निदान वीस पुस्तकं वाचायची राहिली. पुस्तक परत यावं म्हणून केलेल्या नियमाने मूल यायचं थांबलं, आणि मूल थांबलं म्हणून पुस्तकही थांबलं. तेव्हापासून कुठलाही नियम लिहिताना मी एकच गोष्ट बघते: हा नियम मोडलेल्या मुलाला उद्या ग्रंथालयाच्या दारात यावंसं वाटेल का?

दंड या कसोटीला उतरत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत ते मूल यायचं बंद होतं, आणि ज्याच्याकडे आहेत ते दंडाला भाडं समजतं. या दुसऱ्या गोष्टीवर इस्राएलमधल्या पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर वाढला. आधी लाज वाटायची, आता पैसे भरले की हिशेब मिटला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्ववत झाला नाही. ग्रंथालयांकडेही आता हा अनुभव जमा होतोय. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने जानेवारी २०१९ मध्ये ठरावच केला की पैशाचा दंड हा सामाजिक विषमतेचा एक प्रकार आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने उशिराचा दंड बंद केला. त्यानंतर वर्षानुवर्षं घरात दडलेली पुस्तकं लोक आणून देऊ लागले.

अनामत रक्कम नको, निकाल अडवणं तर मुळीच नको. आणि आणखी एक चाल लोक मोठ्या चांगल्या हेतूने करतात, पुस्तक हरवलं की मुलाला ग्रंथालयात धूळ झटकायला लावायची. तीही नको. ग्रंथालयात येणं ही शिक्षा आहे असं आपणच त्याला शिकवतो.

मग उशीर झाला तर करायचं काय? माझा आत्ताचा नियम असा: एक पुस्तक अडकलं तरी दुसरं मिळतं. दोन अडकली की मी मुलाला बाजूला घेऊन विचारते, आणि दहापैकी नऊ वेळा उत्तर साधं असतं. मामाकडे राहिलं, पलंगामागे पडलंय, ताई वाचतेय. (ताई वाचत असेल तर मला आनंदच आहे, तारीख वाढवून देते.) ती दोन सापडेपर्यंत रजिस्टरवरचं तिसरं पुस्तक मिळत नाही, पण दाराशी एक टोपली आहे तिच्यातून काहीही उचलता येतं. टोपलीत निर्लेखित केलेली आणि लोकांनी दिलेली, रजिस्टरवर न चढवलेली पुस्तकं असतात. त्यांना नोंद नाही, तारीख नाही. नेलं तर नेलं, आणलं तर आणलं. म्हणजे कुठलंच मूल रिकाम्या हाताने जात नाही. शिवाय दाराबाहेर एक परतीची पेटी ठेवा, वरून फट असलेलं साधं खोकं. कोणाच्याही नजरेला नजर न देता पुस्तक परत टाकता आलं की अर्धी अडकलेली पुस्तकं आपोआप येतात. आमच्या त्या पाचवीतल्या मुलीला अशी पेटी असती तर पहिल्याच आठवड्यात सुटका झाली असती.

हरवलंच, तर पहिल्यांदा माफ. दुसऱ्यांदा घरी फोन, तक्रार म्हणून नाही, शोधायला मदत म्हणून. कुणी पालक आपणहून बदली पुस्तक देऊ म्हणाले तर घ्या, तेच हवं असा हट्ट धरू नका, घरातलं वाचून झालेलं एखादं चालेल. वार्षिक खरेदीतून थोडी रक्कम बदली प्रतींसाठी आधीच बाजूला काढून ठेवली की आपला जीव वरखाली होत नाही.

आता किती आणि किती दिवस. दिवस मोजूच नका. तासिका आठवड्याला असेल तर मुदत म्हणजे पुढची तासिका. सुट्टीमुळे तासिका बुडाली तर मुदतही पुढे गेली. सात दिवस, पंधरा दिवस असे आकडे मोठ्यांच्या ग्रंथालयातून आलेत. मुलाच्या डोक्यात वार असतो, तारीख नसते. "गुरुवारी आणायचं" हे दुसरीतल्या मुलालाही कळतं. वाचून झालं नसेल तर आणखी एक आठवडा, न मागता. दुसरं कुणी त्याच पुस्तकासाठी थांबलं असेल तरच नाही म्हणायचं.

संख्या लहानांना एक, चौथी-पाचवीपासून दोन. दोनाचं कारण सांगते. एकच मिळणार असेल तर मूल जपून निवडतं, म्हणजे जे आधी वाचलंय किंवा मित्राने वाचलंय तेच नेतं. दोन मिळाली की एक खात्रीचं आणि एक धाडसाचं नेतं. धाडसाचं बऱ्याचदा न वाचता परत येतं. येऊ द्या.

पहिली-दुसरीला द्यायची का, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: सगळ्यात आधी त्यांना द्या. पुस्तक घरी नेण्याची सवय तिथेच लागते, आठवीत ती लावायला गेलं तर उशीर झालेला असतो. चित्रांची पुस्तकं मळतील, एखादं चावलेलंही परत येईल. त्यांच्यासाठी जाड पुठ्ठ्याची, शिवलेल्या बांधणीची निवडा, चिकटवलेल्या बांधणीची पानं चौथ्या खेपेला सुटतात. आणि प्रत्येकाला एक कापडी पिशवी द्या. पुस्तकाचा सगळ्यात मोठा शत्रू धाकटा भाऊ नसतो, दप्तरात गळणारी पाण्याची बाटली असते. पुस्तक पिशवीत आणि बाटली दप्तराच्या बाहेरच्या खिशात, एवढी एक गोष्ट पाळली गेली की भिजलेल्या पुस्तकांची संख्या दिसण्याइतकी उतरते.

तरी भिजलंच, तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात आणि पुठ्ठा उचलतो. आधी कोरडा छापील नसलेला कागद दर काही पानांमागे घाला, तो ओला झाला की बदला. मग पुस्तक पंख्याखाली उभं ठेवा, पानं पंख्यासारखी उघडून. जवळजवळ सुकलं की वजनाखाली दाबा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ पुरते. हे काम मोठ्या वर्गातली मुलं आवडीने करतात, शिक्षा म्हणून दिलं नाही तर.

एक छोटी पण फार उपयोगी सवय: पुस्तक देताना नजर टाका आणि आधीचं नुकसान मागच्या पानावर पेन्सिलीने लिहा. "पान ३१ फाटलेलं. मागचा पुठ्ठा सैल." शेजारी तारीख. यामुळे पुढच्या मुलावर आळ येत नाही. शिवाय हे लिहिताना मूल बघत असतं, बाई पुस्तक नीट बघतात हे त्याला कळतं. न बोलता समज पोहोचते.

नोंदीबाबत मात्र मी कडक आहे. माझ्याकडे नियम थोडे आणि नोंद पक्की. बहुतेक शाळांत तारखेवार मोठं रजिस्टर असतं. त्यात पुस्तक देणं सोपं जातं, परत घेताना मात्र चाळीस मुलांच्या रांगेसमोर पानं उलटत बसावं लागतं, आणि मग कंटाळून आठवड्याला एकदाच देवघेव होते. त्यापेक्षा कार्डं करा. मागच्या पुठ्ठ्याच्या आत कागदी खिसा चिकटवायचा, त्यात पुस्तकाचं कार्ड, वर दाखल क्रमांक (रजिस्टरवरचा पुस्तकाचा नंबर), नाव, लेखक. पुस्तक नेताना मूल कार्डावर स्वतः नाव आणि वार-तारीख लिहितं आणि कार्ड आपल्याकडे देतं. ते बुटाच्या खोक्यात वर्गाच्या पट्टीमागे उभं राहतं. पुस्तक आलं की नावापुढे टिक मारायची आणि कार्ड परत खिशात. खोक्यात जे उरलंय ते बाहेर आहे, बस्स. वर्गातली दोन मुलं हे दहा मिनिटांत उरकतात. दोन हजार कार्डं लिहिणं ऐकायला मोठं वाटतं. एक वर्ग आणि आठ-दहा तासिका पुरतात. आधी फक्त गोष्टींच्या पुस्तकांची करा, तेवढ्यावर देवघेव सुरू होते. संगणक आणि तो चालवणारं माणूस दोन्ही असतील तर कोहासारखी ग्रंथालयासाठीची मोफत संगणकप्रणाली आहे, पण ती येईपर्यंत थांबू नका. थांबलेली ग्रंथालयं मी पुष्कळ बघितली.

कार्डावर मुलाचं नाव दिसतं, ही या पद्धतीतली एक खोट आहे, ती सांगितली पाहिजे. बहुतेक पुस्तकांना त्याने काही बिघडत नाही, उलट आपल्या आधी कुणी वाचलं हे बघायला मुलांना मजा येते. पण वयात येण्याबद्दल, घरातल्या मृत्यूबद्दल, आईवडील वेगळे होण्याबद्दल अशी पुस्तकं असतात. त्यांच्या कार्डावर मी नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहून घेते. थकबाकीदारांची यादी फळ्यावर लावत नाही, वर्गात मोठ्याने नावं वाचत नाही. आठवण द्यायची तर चिठ्ठी, घडी घातलेली, आणि तिच्यावर पुस्तकाचं नावही नाही, फक्त "एक पुस्तक यायचं आहे".

इयत्तेनुसार कपाटं वाटून देणं हाही एक आवडता नियम आहे, तो मी मोडीत काढला. सहावीतल्या मुलाला चित्रांचं पुस्तक हवं असतं कधी, आणि तिसरीतली एखादी मुलगी जाडजूड कादंबरी दोन आठवडे नुसती काखेत घेऊन हिंडते. दोघांचंही बरोबर आहे. कठीण वाटेल का हे बघायला एक पान वाचून घ्या म्हणावं, पाचाहून जास्त शब्द अडले तर सोबतीला दुसरं घ्या. दुसरं घ्या, हे ठेवून द्या असं नाही.

पालकांची सही घेऊ नका. सहीचा कागद गेला की तीसपैकी वीस परत येतात, आणि जी दहा मुलं राहतात त्यांच्या घरी बहुधा दुसरं पुस्तकच नसतं. नेमकी तीच बाहेर राहतात. परवानगी मागण्याऐवजी कळवा. आमची चिठ्ठी एवढीच असते: "आजपासून तुमचं मूल शाळेतून पुस्तक घरी आणेल. ते दर गुरुवारी परत करायचं आहे. वाचून दाखवा किंवा त्याच्याकडून ऐका, दोन्ही चालेल. फाटलं किंवा हरवलं तर मुलाला रागावू नका, आम्हाला सांगा. पैसे घेतले जाणार नाहीत." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसलं की काही घरांतून पुस्तक वरच्या फळीवर ठेवलं जातं, मुलाच्या हाताला लागू नये म्हणून.

कोश, नकाशासंग्रह, एकच प्रत असलेली संदर्भाची पुस्तकं घरी जात नाहीत हे ठीक आहे. तरी शेवटच्या घंटेला देऊन सकाळी पहिल्या घंटेआधी परत, अशी रात्रीपुरती सोय ठेवा. जुन्या आवृत्त्या तर सरळ जाऊ द्या.

राहिली मोठी सुट्टी. तुमच्या शाळेतही बहुधा सुट्टीच्या महिनाभर आधी सगळी पुस्तकं जमा करून घेण्याची पद्धत असेल, पडताळणीसाठी. म्हणजे मुलांना वेळ असतो तेव्हाच पुस्तकं कपाटात. सुट्टीत वाचन सुटलेली मुलं मागे पडतात, आणि ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत ती जास्त. अमेरिकेत फ्लोरिडातल्या १७ गरीब वस्तीतल्या शाळांत तीन वर्षं एक प्रयोग झाला. दर उन्हाळी सुट्टीआधी मुलांनी स्वतः निवडलेली १२ पुस्तकं त्यांना देऊन टाकली, बाकी शिकवणं काही नाही. त्या मुलांचं वाचन पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा सुधारलं, आणि सगळ्यात गरीब मुलांचं सगळ्यात जास्त. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

आपल्याला बारा देऊन टाकणं परवडणार नाही, पण चार-पाच उसनी देता येतात. पडताळणी सुट्टीआधी करायचीच असेल तर ती एका आठवड्यात उरका, कार्डाचं खोकं असलं की ते जमतं. मग शेवटच्या तासिकेला कपाटं सताड उघडा. पहिल्या वर्षी माझ्या शाळेतून सुट्टीत सहाशेच्या वर पुस्तकं गेली आणि मला पहिली रात्र झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. शाळा उघडली त्या आठवड्यात परतीची पेटी दोनदा भरून वाहिली. अकरा आली नाहीत. त्यातली तीन दिवाणाखाली सापडली म्हणून पुढच्या वर्षी आली.